अक्षरगळतीवर उपचार

माणसाला रोग झाला तर तो डॉक्टरकडे जातो. वस्तूला रोग झाला तर डॉक्टर होऊन शेजारी घरी येतात. हा निसर्गनियम असून रामनगर भागात तो आजतागायत विनादुरुस्ती लागू आहे.

त्र्याण्णव सालच्या सुमारास वासूअण्णा नंदगडकर यांच्या घरी संगणक आला. अण्णांची भाताची गिरणी. त्यांना संगणकाचा काडीचा उपयोग नव्हता आणि नेमक्या याच कारणामुळे त्याला सोप्यात, येणाऱ्याला पहिला दिसेल असा मान देण्यात आला. अण्णांच्या पत्नी केशरअक्का यांनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं, हळदकुंकू लावलं. वापरणारी एकटी गिरजा, त्यांची थोरली मुलगी. (वापरल्यामुळे यंत्र झिजतं, असा अण्णांचा तिच्यावर कायमचा आक्षेप होता.)

अक्कांचा भाऊ लखूमामा बेळगावात राहायचा. त्यानं एकदा भाचीसाठी कुठल्याशा खेळाची फ्लॉपी आणली. खेळ चालला नाही. त्यातून आलेला व्हायरस मात्र उत्तम चालला.

गिरजा त्या दुपारी बेळगावच्या एका संगणक वर्गासाठी इंग्रजीत अर्ज टाइप करत होती. ‘रिस्पेक्टेड सर’ एवढं झालं आणि ‘रिस्पेक्टेड’मधलं पहिलं अक्षर सुटून, घरंगळत, पडद्याच्या तळाशी जाऊन बसलं. मागोमाग दुसरं. मग तिसरं. सर तर अख्खेच पडले. पाहता पाहता सगळा अर्ज पाखडलेल्या भातासारखा खाली ढीग होऊन पडला.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. लोक बघायला येऊ लागले. गुंदाहून पारूमावशी दोन सुना घेऊन बसनं आली. गिरजानं नाव टाइप करायचं, मंडळींनी श्वास रोखायचा आणि नाव कोसळलं की टाळ्या. आपलं नाव पडताना बघायला लोक रांग लावत. (पाहणीअंती असं आढळलं, की निम्मे लोक अक्षरांसाठी येत होते, निम्मे चहासाठी आणि उरलेले दोन्हींसाठी.) उपायही मुबलक आले: ऊद घालणे, मशीनचं तोंड पूर्वेला करणे, उळवीच्या देवाला नारळ बोलणे आणि पडद्याखाली सूप धरणे.

अण्णांनी मात्र गंभीर भूमिका घेतली.

“घरातली एक मशीन बरी करता येत न्हाई, आनि बेळगावात जाऊन काय दिवे लावनार?” ते गिरजाला म्हणाले. “रविवारी खानापूरची मानसं येनार हायत. तवर मशीन बरी झाली तर बेळगाव. न्हाई तर खानापूर.”

खानापूर म्हणजे स्थळ. गिरजानं मुलगा पाहिलेला नव्हता. अण्णांनीही नव्हता, त्यांनी मुलाच्या काकांचा ट्रॅक्टर पाहिला होता आणि तो चांगला होता.

लखूमामाला निरोप गेला. तो औषध घेऊन आला. रोग आणि औषध एकाच माणसाच्या एकाच पिशवीतून यावं, हा आपल्याकडच्या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. औषध म्हणजे ॲन्टीव्हायरसची फ्लॉपी. ती घातल्यावर पडद्यावर सूचना आली. गिरजानं वाचून सांगितली: “मशीनमध्ये व्हायरस हाय, म्हनून व्हायरसचं औषध बसवता येत न्हाई.”

“म्हंजे घरात आजारी मानूस हाय म्हनून डॉक्टर आत येत न्हाई?” अक्कांनी विचारलं.

“व्हय.”

“मग कुनी आजारी नसंल तवा येतोय काय?”

“व्हय.”

“शिकलेला डॉक्टर दिसतोय,” अक्का म्हणाल्या.

गिरजा औषधासोबत आलेली माहितीपुस्तिका घेऊन माजघरात जाऊन बसली. पुस्तिका वाचण्याचा उपाय तोवर कुणी सुचवला नव्हता. मशीन पूर्ण बंद करायची आणि स्वतःच्या पोटातून नव्हे, औषधाच्या फ्लॉपीवरूनच सुरू करायची, असं तिथं छापलं होतं. फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी हवी. पट्टी असली की फ्लॉपीवर कुणाला काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही.

“मामा, हिची पट्टी कुठं हाय?”

“ती होय? किंमत चिकटवलीय वाटलं. प्रेझेंट द्यायचं म्हनून काढली की,” लखूमामा म्हणाला.

अशा रीतीनं औषधालाच रोग लागला. गिरजा चुलीपुढं जाऊन बसली आणि अक्कांनी पाहिलं, की पोर धुरानं डोळे पुसते आहे, पण चूल पेटलेली नाही.

अक्कांनी भावाला उभ्या उभ्या परत बेळगावला पिटाळलं. शनिवारी तो नवी फ्लॉपी घेऊन आला, पट्टीवर स्वतःचा अंगठा घट्ट दाबून. गिरजानं मशीन बंद केली, फ्लॉपी घातली, सुरू केली. व्हायरस सापडला, मारला गेला. आता औषध कायमचं बसवायचं. तेवढ्यात पडदाभर बारीक मजकूर आला आणि खाली प्रश्न: मान्य आहे? ‘वाय’ किंवा ‘एन’.

“दाब वाय,” अण्णा म्हणाले.

“थांब,” अक्का म्हणाल्या. “काय लिवलंय?”

“काय तरी असतंय. सगळी व्हयच म्हनत्यात.”

“वाच गं.”

गिरजा वाचू लागली. औषध आहे तसं घ्यायचं. गुण येईलच असं नाही. औषधानंच मशीन बिघडली तर कंपनी जबाबदार नाही. काहीही झालं तरी कंपनी जबाबदार नाही.

“असं गिरनीवर लिवलं तर लोक भात घालतील काय?” अक्का म्हणाल्या. “दाब एन.”

गिरजानं एन दाबलं. ॲन्टीव्हायरस नमस्कार न करता निघून गेला.

“अगं, काय केलंस! उद्या रविवार,” अण्णा ओरडले. “न वाचताच व्हय म्हनायचं असतंय!”

“खानापूरकरास्नी बी असंच व्हय म्हनून आलासा काय?”

अण्णांनी उपरणं झटकलं.

“पोरीला पुढं शिकू देनार काय ते? पोरगा काय करतोय?”

“इचारलं न्हाई.”

“मग तितं एन दाबा आनि हितं वाय,” अक्का म्हणाल्या. “मशीन मेली तर लखू दुसरी आनंल. पोर कुठली आनंल?”

गिरजानं पुन्हा सगळं सुरू केलं आणि वाय दाबलं. औषध बसलं. तिनं अर्ज टाइप केला. अक्षरं जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा बघायला आलेल्या पारूमावशीनं थोडा वेळ वाट पाहिली.

“आता नुसतीच हुबी ऱ्हानार?” ती म्हणाली. “मग बघायचं काय?” आणि सुनांना घेऊन बसस्टँडकडे गेली. चहाचा खर्च त्या दिवसापासून आटोक्यात आला.

रविवारी खानापूरची माणसं आली. अक्कांनी पोहे दिले आणि अटी विचारल्या. “आमच्या कसल्याच अटी न्हाईत,” काका म्हणाले. “मग तेवढंच कागदावर लिवून द्या,” अक्का म्हणाल्या. काकांना एकाएकी ट्रॅक्टरची आठवण झाली. सोमवारच्या पहिल्या बसनं गिरजा अर्ज घेऊन बेळगावला गेली; तिची पेटी अण्णांनी स्वतः टपावर चढवली आणि बस वळेपर्यंत उन्हात उभे राहिले.

होकार देण्यापूर्वी मजकूर शेवटपर्यंत वाचून घेणारी केशरअक्का ही आमच्या माहितीतली पहिली व्यक्ती. दुसरीचा शोध चालू आहे. ती व्यक्ती आपण नव्हे, हे मात्र खात्रीनं सांगता येतं: आजवर आपण जिथं जिथं सही केलीत, तिथं वर ‘वाचून व समजून सही केली आहे’ असं छापलेलं होतं, आणि आपण तेही वाचलेलं नाही.