दारव्हे मुक्कामी फ्रिजपेटीची मोहीम

श्रीगणराय, कुलस्वामिनी आणि बारा व्होल्टांची बॅटरी यांस वंदन करोन हकीकत लिहितो ऐसी जे:

शके एकोणीसशे चाळीस, वैशाख मास. मागील हंगामी बोंडअळीने मुलुख मारिला, आणि जो कापूस वाचला तो विकावयास खरेदी केंद्राचे दरवाजी गाड्यांची रांग पडली, ती दारव्ह्याचे वेशीपार गेली. त्या रांगेत भगवानराव आपली जुनी पिकअप कापसाने शिगोशीग भरोन दाखल जाहाले. समागमे कुटुंब विमलताई. ताईंस साखरेचा विकार, इन्सुलिन रोज टोचणे प्राप्त, आणि ऊन ऐसे की रस्त्याचे डांबर चपलेस चिकटे. सबब जावई यज्ञेश्वर, यवतमाळी कचेरीत मुलाजिम, यांनी चिमुकला फ्रिज नजर केला, जो गाडीचे सिगारेट पेटवावयाचे भोकात वायर खुपसता बॅटरीवर चाले. आणि ताकीद दिली की, बॅटरी उतरू लागता फ्रिज आपण होऊन थांबेल. मग घटकाभर इंजिन चालवावे, परंतु बॅटरी कोठवर उतरता थांबावे हे ठरविणारे त्याचे बटणास हात लावू नये. भगवानरावांनी मान डोलाविली आणि ऐकिले काहीच नाही, कारण जावयाकडून गाडीची अक्कल शिकणे त्यांचे जिवावर आले.

मग रांगेत बोभाटा जाहाला की, या गाडीत थंडी नांदते. रांगेतील फकिरा पाण्याच्या बाटल्या घेऊन आला, मानीबाई लिंबू सरबत घेऊन आली, आणि मागील ट्रॅक्टराचे धनी खेमसिंग ताकाची बरणी घेऊन हजर जाहाले. भगवानरावांस नाही म्हणवेना. उभ्या जन्मात त्यांचे दारी कोणी ऐसे अदबीने उभे राहिले नव्हते. मग लोकांचे मोबाइल चार्जिंगास आले, मग त्या भोकास तीन तोंडांचा जोड लागला, मग पंखा लागला, आणि डिझेल वाचावे म्हणोन इंजिन बंदच. फ्रिजाने वारंवार मान टाकली. तेव्हा भगवानरावांनी त्यास कामचुकार ठरवोन बटण पार तळाशी ओढिले, आणि फ्रिज मुकाट चालू लागला, बॅटरीचा शेवटला थेंब शोषीत.

एके दोनप्रहरी केंद्राचा पुकारा जाहाला की, गोदाम भरत आले, आज दरवाजा बंद होईल, पुढील तारीख मुक्रर नाही. रांग हलली. भगवानरावांनी चावी फिरविली. टक्. पुन्हा फिरविली. तेही नाही.

“काय झालं जी?” ताईंनी पुसिले.

“काई नाई. बॅटरी झोपली.”

“झोपली, का तुमी निजवली?”

रांगेचा शिरस्ता ऐसा की, जो न हले त्यास मागील ओलांडी. खेमसिंगांनी ट्रॅक्टर बाजूस काढिला. भगवानराव खाली उतरोन गाडी ढकलू लागले. गाडी तसूभर न हलली, धोतर मात्र सुटले. वर्षाचा कापूस आपण ताकापायी घालविला, ऐसे वाटोन त्यांचे डोळे भरले.

तों विमलताई फ्रिजावर ठाण मांडोन बसल्या.

“खेमसिंगभाऊ, जा खुशाल. पण तुमचं ताक अन् मोबाइल आमच्याजवळ राहीन.”

केंद्राचा बोलावण्याचा मेसेज त्या मोबाइलात, आणि मेसेजाविना आत प्रवेश नाही. खेमसिंग थबकले.

“वहिनी, ताकाले ओलीस ठेवता का?”

“ठेवलं!”

मग तह जाहाला. पंखा, मोबाइल, फ्रिज, सर्व वायरी उपटल्या. ट्रॅक्टर पिकअपीचे नाकास नाक लावोन उभा राहिला, आणि एकाची बॅटरी दुसऱ्याचे बॅटरीस केबलींनी जोडू लागले. भगवानरावांनी लाल केबल भलत्याच टोकास नेली.

“लाल लालले लावा! उलटं नोका लावू!” ताईंनी फर्माविले.

ठिणगी उडाली, इंजिन गरजले, आणि रांगभर ऐसा जयघोष उठला की लिंबावरील कावळे उडाले. दरवाजा लागता लागता दोन्ही गाड्या आत शिरल्या. कापूस मोजला गेला. ताईंनी इन्सुलिन काढिले, ते गार निघाले. मग त्यांनी धन्याकडे प्रथम हसोन पाहिले.

निघते समयी खेमसिंगांनी बजाविले की, बॅटरी भरेतों इंजिन बंद करू नये. यावेळी भगवानरावांनी अक्षरशः ऐकिले. गावी पोहोचोन ते घरी न थांबता गावास फेऱ्या घालू लागले. गावाने ओळखिले की, कापसास मोठा भाव आला आणि ही विजययात्रा होय. मग डफडे आले, गुलाल आला, लोकांनी चालत्या गाडीचे खिडकीतून हार टाकिले, आणि भगवानराव दोन्ही हात जोडू जाता स्टेअरिंग सुटे म्हणोन एकाच हाताने सर्वांचा मुजरा घेते जाहाले. येणेप्रमाणे फत्ते जाहाली, आणि विजयोत्सव टाकीतील डिझेल संपेपर्यंत चालला.