लंकेच्या रुपयावर चालणारे बापू

आमच्या शेजारचे बापू सकाळी दात घासायच्या आधी श्रीलंकेच्या रुपयाचा भाव बघतात. मग ब्रश तोंडात धरून गच्चीवर येरझाऱ्या. ब्रश जोरात चालला की भाव पडलाय, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओळखते.

"वैनी, पडला की."

"जास्त?"

"जरासा. पण पडला न्हवं."

बापू कोल्हापूरच्या शाहूपुरीतले सुक्या मिरचीचे व्यापारी. माल कोलंबोला जातो. तिकडचा रुपया घसरला की आपली मिरची तिथं महाग पडते, मागणी थांबते, पोती बापूंच्या गोदामात राहतात आणि इथला भाव उतरतो. मी कांदा-लसूण चटणी करून विकते. म्हणजे बापूंचं तोंड उतरलं की माझी मिरची स्वस्त. हे मी लपवत नाही.

"तुमाला काय, लंका बुडाली तरी चटणीच दिसणार," ते म्हणतात.

यंदा त्यांची बरीच पोती मीच उचलली, भाव पाडून. एक मात्र देईनात. सगळ्यात लाल, करकरीत.

"ते सेल्वमच्या घरी खायला ठेवलंय."

सेल्वम हे त्यांचं कोलंबोचं जुनं गिऱ्हाईक. दोघं कधी भेटलेले नाहीत. फोनवर मोडक्या हिंदीत आधी भाव, मग तासभर गुडघेदुखी. तिकडचा रुपया कोसळल्यापासून त्याचा फोन नव्हता.

"मग तुम्ही लावा की."

"खुळं का काय? इकणाऱ्यानं आधी फोन लावला की माल अडकलाय म्हणत्यात. फोन न लावून भाव पाडतोय त्यो."

"घरच्या पोत्याचा?"

बापू पुन्हा चालू लागले.

मधे रुपया थोडा सावरला. ब्रश हळू झाला, पण फोन आला नाही. मग बापू भर दुपारीही गच्चीत दिसू लागले, ब्रशाशिवाय. शेवटी माझ्या दाराशी आले.

"वैनी, तुमी लावा. मिरचीचं काय बोलू नका."

"मग काय बोलू?"

"गुडघ्याचं इचारा."

मी स्पीकरवर लावला. कोल्हापूर म्हणताच पलीकडून आवाज आला, "बापू ठीक है ना? मैं फोन कैसे करेगा? अभी माल लेने का ताकत नहीं."

बापू घाईनं कुजबुजले, "म्हणावं पोतं ठेवलंय. वाळलेली मिरची हाय, टिकंल."

स्पीकरवर ती कुजबुज पलीकडेही पोचली.

"बापू? तेरा घुटना कैसा है?"

बापूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पाय ओढत गच्चीचा जिना चढू लागले. मी त्या पोत्याचा विषय सोडून दिला.