उष्माघाताच्या पानावरील निकोप वाद

जेद्दाच्या बलद भागातल्या एका हॉटेलात भांडार सांभाळणारा श्रीवर्धनचा हाशिर आणि सौदीतल्याच हाइल शहरातल्या इस्पितळातल्या डॉ. शोभना यांचं आजवर एकदाही भांडण झालं नव्हतं. संशोधनाच्या दृष्टीने ही बाब अत्यंत चिंताजनक होती.

दोघं कधी भेटले नव्हते. 'माहितीघर' नावाच्या इंटरनेटवरच्या मराठी कोशात सुट्टीचे शुक्रवार घालवून ते फुकट पानं लिहीत. उष्माघाताचं पान ही त्यांची खास कामगिरी. डॉक्टरबाई औषधोपचार सांगायच्या, हाशिर तो उन्हात उभ्या माणसाला समजेल अशा मराठीत उतरवायचा. त्याचा मेहुणा हम्माद जेद्दातच बांधकामावर होता. त्याने तर अख्ख्या साइटच्या मोबाइलवर ते पान पाठवलं होतं.

अशात 'स्वयंसेवी ज्ञानसमूहांतील सहकार्य' या विषयाचे संशोधक ऋग्वेद यांचा फोन आला.

"हाशिरभाई, काम अप्रतिम आहे. पण मला त्याचा उपयोग नाही."

"का बरं?"

"मतभेद कुठे आहेत? मतभेद होऊन मिटला, की त्याला सहकार्य म्हणतात. तुमचं आधीच पटतं. यात मोजू काय?"

हाशिरला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं नुसतं गुण्यागोविंदाने वागलो, शास्त्राला मेलं काही दिलंच नाही! बायको रईसा म्हणाली, "भांडणंच बघायची तर आपल्याकडे जेवायला बोलवा त्याला."

हाशिरने मात्र तोडगा काढला. पानात एक वाक्य घालायचं: 'बेशुद्ध माणसाला भरपूर पाणी पाजावे.' डॉक्टरबाईंनी ते काढायचं. खलास.

"हाशिरभाई, बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. हा खेळ नाही," शोभना म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्ही लगेच काढणार ना, डॉक्टरबाई?"

त्यांनी काढलं. वाद खरा वाटावा म्हणून हाशिरने एकदा परत घातलं. तेवढ्यात माहितीघराची विवाद समिती जागी झाली आणि तिने दोन्ही पक्षांकडे पुरावा मागितला. शोभनांनी आपण डॉक्टर असल्याचं कळवलं. समितीने स्पष्ट केलं, की स्वतःचं ज्ञान हा पुरावा नव्हे. शिवाय डॉक्टर असल्यामुळे आजारपणात त्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. इकडे हाशिरच्या बाजूने ओळखदेख नसलेली माणसं धावून आली. 'आमच्या गावात पाणीच पाजतात, कोणी मेलं नाही,' असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने एका वेबसाइटवरचा लेख पुरावा म्हणून जोडला. तो लेख याच पानावरून उतरवलेला होता. समितीने तो ग्राह्य धरला.

जन्मात पहिल्यांदाच हाशिर एका डॉक्टरविरुद्ध जिंकत होता. खरं सांगायचं तर त्याला गोड वाटलं, आणि वाक्य मागे घ्यायचं त्याने जरा लांबवलं. तेवढ्यात शोभनांनी वाक्य पुन्हा काढलं. समितीने ते परत घातलं आणि भांडखोर वर्तनासाठी त्यांना लिहायला बंदी केली. मग मात्र हाशिरचं धाबं दणाणलं. सगळा वाद लुटुपुटीचा होता, असं त्याने लिहून टाकलं. ऐन वादात पक्ष बदलणं संशयास्पद ठरवून समितीने त्यालाही बाहेर काढलं आणि निकाल लागेपर्यंत पान आहे तसं कुलूपबंद केलं.

"साहेब, तुम्ही तरी सांगा त्यांना," हाशिर ऋग्वेदना म्हणाला.

"मी निरीक्षक, हाशिरभाई. ज्याचा अभ्यास करतो त्यात हात घालणं अनैतिक असतं." आनंदाने त्यांचा आवाज भरून आला होता. "काय सुंदर माहिती मिळतेय!"

जुलैत एका सकाळी हम्माद साइटवर कोसळला. सोबतच्या पोरांनी घाबरून न जाता मोबाइल काढला. एकाने पान मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने हम्मादचं तोंड उघडलं, तिसऱ्याने बाटली रिकामी केली.

हाशिर इस्पितळात पोचला तेव्हा हम्मादला श्वासाचं यंत्र लावलं होतं. "भाईजान, तुमच्याच पानात बघून केलं सगळं," पोरं म्हणाली. "काही चुकलं का?" हाशिर तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. भावासाठी धावत आलेली रईसा त्याच्याकडे न बघता पुढे निघून गेली.

डोळे पुसून त्याने, लिहायला बंदी असल्यामुळे बाहेरूनच, समितीला सगळं कळवलं. उत्तर तातडीने आलं: 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. तथापि वैयक्तिक अनुभव पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. प्रकरण खुल्या मतदानास ठेवत आहोत.'

मतदान कोणाही मराठी वाचकाला करता येतं. पुरेशी मतं न पडल्यामुळे मुदत सारखी वाढवावी लागते. वाचक मात्र रोज येतात, 'छान माहिती' म्हणतात आणि चार जणांना पाठवतात. हम्माद अजून शुद्धीवर आलेला नाही. ऋग्वेद यांचा प्रबंध स्वीकारला गेला. या समूहात वाद निकोप पद्धतीने हाताळले जातात, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपणही इथवर वाचत आलात, आणि वाक्य चूक आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आपलं मत मात्र अजून नोंदलेलं दिसत नाही.