इंदूकाकूंचं अडकलेलं टपाल

अन्याय झाला तो इंदूकाकूंवर. दोन हजार तीन सालच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी काकू शहापूरच्या आपल्या राहत्या घरी, स्वयंपाकघरात, चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या आणि पडद्यावर सलग अकराव्या दिवशी एकच ओळ होती : टपाल नाही. टपाल पाठवणारा इसम म्हणजे त्यांचा नवरा. तो बसला होता पडवीत. पडवी ते स्वयंपाकघर हे अंतर मी स्वतः मोजलंय. चौदा पावलं. वाटेत उंबरे दोन.

हसू नका. मामला गंभीर आहे.

मी मूळची धसईची. संघटनेची पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, रेशनसाठी, बंद पडलेल्या बसफेरीसाठी. त्या वेळी मी अण्णांच्या, म्हणजे काकूंच्या नवऱ्याच्या, घरासमोरच्या खोलीत भाड्यानं राहत होते आणि पत्रकं टाइप करायला त्यांच्या पडवीत जात होते, कारण अख्ख्या आळीत कॉम्प्युटर फक्त विष्णूअण्णांकडे. एक नाही, दोन.

अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं सॉर्टर. म्हणजे थैली उलटी करायची, पत्ते वाचायचे आणि ज्या त्या खणात पत्र टाकायचं. नोकरी सुटली, पण खण सुटले नाहीत. काकडी हातात घेतली की वजन सांगणार : "एकशेदहा ग्राम. जादा तिकीट लागंल." आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीत काही कमी असलं की एकच शेरा : "पत्ता अपुरा!" आमटीत मीठ नाही, पत्ता अपुरा. शेजारी म्हणाला, "जरा जाऊन येतो," की अण्णा ओट्यावरून, "कुठं? पत्ता अपुरा!"

माझ्या पहिल्याच पत्रकावर त्यांनी हा शिक्का मारला. मी मोठ्या तावातावानं लिहिलं होतं, 'शासन, जागे व्हा!' अण्णांनी चष्मा वर केला.

"कुठलं शासन? कोण साहेब? कुठलं टेबल?"

"अण्णा, ती घोषणा आहे."

"घोषणा आसंल गो. पण ही कुणाच्या दारात टाकायची? पत्ता अपुरा. हे पत्रक कुणालाच पोचायचं नाय."

मला राग आला. पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रकात साहेबाचं पद आणि खोलीचा नंबर असतो. आणि साहेब जागे होतात, हेही कबूल केलं पाहिजे.

अण्णांचा दुसरा धर्म म्हणजे दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही, वाचायचं नाही, त्याकडे बघायचंसुद्धा नाही. एकदा मी भजी आणली. पुडीचा कागद निघाला कुणाच्या तरी जुन्या पत्राचा. अण्णांनी डोळे मिटून भजी खाल्ली.

आता कॉम्प्युटरचं. इंदूकाकूंचे कान त्याआधी चार वर्षं एका तापात गेले. पूर्ण. अण्णांच्या कल्याणच्या पुतण्यानं क्लासमधून टाकून दिलेले दोन कॉम्प्युटर आणून दिले. अण्णा एका मासिकासोबत फुकट आलेली लिनक्सची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीची, सीडी आणि एक विटेएवढं इंग्रजी पुस्तक घेऊन पाऊस लागायच्या आधी बसले ते पाऊस लागला तरी उठले नाहीत. मुख्य मशीन पडवीत. दुसरं स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. मधे निळी वायर, खुंटीवरून, देवघराच्या मागून, खिडकीतून. काकू सातवी पास. त्यांच्याकडून अण्णांनी औषधांच्या पाकिटांवरून एबीसीडी पुन्हा घोटून घेतली, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचता येईल.

आळी म्हणाली, "चौदा पावलांवर बायको आणि तिला तारंनं टपाल!"

मी तर तोंडावरच विचारलं. "अण्णा, पाटीवर लिहून दाखवा की. इकडे पाड्यावर बायका दोन-दोन कोस पाणी वाहतात आणि तुम्ही घरातल्या घरात टपाल खातं काढताय?"

"पाटी उघडी आसते गो," अण्णा म्हणाले. "येणारा-जाणारा वाचतो. टपाल बंद पायजे."

मी मनात म्हटलं, म्हातारा चळला.

तर तो सोमवार, टपाल सुरू झाल्याचा अकरावा दिवस. तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर ती ओळ आली आणि तीन वाजून बारा मिनिटांनी काकू पडवीत आल्या. ऐकू येत नसल्यानं त्यांचा आवाज कधी फार मोठा लागतो, कधी फार बारीक. त्या दिवशी मोठा लागला.

"अकरा दिस झाले. रोज भांडी घासून तिथं जाऊन बसते मी. देवासमोर बसावं तशी! येड्यात काढताय का मला? लिवायचं नव्हतं तं बसवलं कशाला? आज चारच्या आत नाय आलं ना, तं त्या डब्यावर पापड वाळत घालते. चांगला गरम आसतो. नि परत काय बसायची नाय मी, सांगून ठेवते."

आणि गेल्या.

अण्णा पांढरेफटक. "मी टाकलंय गो टपाल!" हे ते मला सांगत होते, कारण जिला सांगायचं तिला ऐकू येत नव्हतं. "रोज दोनदा टाकतो. हे बग!" त्यांनी जावक रजिस्टर उघडलं. खरंच होतं. रोज सकाळ-दुपार, तारीख, वेळ, सही.

"मग हरवलं असेल."

अण्णा खुर्चीतून उठले. "टपाल हरवत नाय. टपाल कुठंतरी थांबलेलं आसतं. ऊठ!"

माझं पत्रक तिथंच राहिलं. घड्याळात सव्वातीन. आणि मी सांगते, मोर्चात पोलिसांसमोर जेवढं छातीत धडधडलं नव्हतं तेवढं त्या पाऊण तासात धडधडलं.

आधी रस्ता तपासला. अण्णा निळी वायर बोटांत धरून पडवीपासून निघाले, जुन्या काळचा डाकवाला वाटेनं जावा तसे. देवघरामागे उंदरानं कुरतडल्याची एक खूण सापडली. मी ओरडले, "सापडलं!" अण्णांनी ती जागा नखानं खरवडली. "वरची साल गेलीय. आत तार शाबूत. पुढं चल." मग त्यांनी पडवीतल्या मशीनवरून स्वयंपाकघरातल्या मशीनला हाक मारली. अशी सोय असते, एक मशीन हाक मारतं, दुसरं ओ देतं. पडद्यावर ओ, ओ, ओ अशा ओळी धावत सुटल्या.

"रस्ता मोकळा हाय! म्हणजे टपाल अजून हापिसातच पडलंय!"

मग त्यांनी थैली उघडली. थैली म्हणजे मशीनमधली जागा, जिथं जायची पत्रं रांगेत थांबतात. आणि होती! बावीसच्या बावीस पत्रं, एकाखाली एक! मी वाचायला वाकले, तर अण्णांचा अख्खा पंजा पडद्यावर.

"दुसऱ्याचं टपाल!"

"अण्णा, तुमचंच आहे ना?"

"टाकलं की माझं नाय. ते आता तिचं."

बरं. पण थांबलंय का? त्याचं उत्तर थैलीत नव्हतं. अण्णांनी विटेएवढं पुस्तक काढलं, थुंकी लावून पानं उलटली. पत्र अडकलं की मशीन कारण लिहून कळवतं, असं पुस्तक म्हणत होतं. कुणाला कळवतं? पोस्टमास्तरला. त्या नावाची पेटी प्रत्येक मशीनमध्ये असतेच.

"आहे का ती आपल्या मशीनमध्ये?"

"हाय ना. पयल्या दिवसापासून हाय. भरलेली दिसते."

"मग?"

"मग काय? ती साहेबांची पेटी. मी कशी उघडणार?"

साडेतीन वाजले होते. स्वयंपाकघरातून पापडाचा डबा उघडल्याचा आवाज आला. माझा तोल गेला.

"अण्णा, या घरात पोस्टमास्तर कोण? मी? काकू? की कल्याणहून कुणी साहेब येणार आहे? हे मशीन कुणी उभं केलं? किल्ली कुणाकडे?"

 अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. तीस वर्षं सॉर्टर. वरची परीक्षा दोनदा दिलेली, दोनदा नापास. हळूच म्हणाले, "मीच गो?"

"तुम्हीच."

ते आत गेले, बनियनवर शर्ट चढवून आले, वरचं बटण लावलं आणि खुर्चीत नीट ताठ बसून साहेबांची पेटी उघडली.

आत मशीननं अकरा दिवस इमानेइतबारे कळवलं होतं : सदर पत्र गावाबाहेरचं असल्यामुळे टेलिफोनची वाट पाहत थांबून आहे. अण्णांनाही वेगळं कळवायचा प्रयत्न केला होता, पण ती सूचनासुद्धा थैलीतच अडकली होती. कारण अण्णांनी पत्ते लिहिले होते पुरे! स्वतःचाही आणि काकूंचाही. नाव, मग स्वयंपाकघर, मग आळी, मग शहापूर, मग जिल्हा ठाणे. एवढा लांबलचक पत्ता बघून मशीनला वाटलं, हे माणूस नक्की परगावचं. आणि घरातला टेलिफोन त्या मशीनला जोडलेलाच नव्हता.

"पत्ता पुरा म्हणून पोचलं नाय?" अण्णांनी हे तीनदा विचारलं. कुणीतरी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणून सांगितल्यासारखा चेहरा. "मग लिवायचं काय?"

मी पुस्तकात बोट ठेवलं. "हे बघा. घरातल्या माणसाला नुसतं नाव पुरतं."

"नुसतं नाव?"

"आय, एन, डी, यू. इंदू. बस."

पावणेचार. अण्णांनी थैलीतलं पहिलं पत्र पत्ता बदलायला पुढे घेतलं, हात कीबोर्डवर गेला आणि तिथंच थांबला. मला वाटलं पुन्हा काही बिघडलं. तर त्यांचे कान लाल झालेले.

"आमच्यात बायकोचं नाव घेत नाय गो," ते म्हणाले. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. मागनं 'आगं', 'आयकलंस का'. आता तं आयकतच नाय. पुरा पत्ता लिवला की ते कसं सरकारी वाटतं. नुसतं नाव म्हणजे..." आणि मग एकदम, "तू तिकडं तोंड कर!"

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे एका बोटानं चार कळा वाजल्या. प्रत्येक दोन कळांत एवढा वेळ, की मधे एखादं पत्रक लिहून झालं असतं.

मी धावत स्वयंपाकघरात. काकू कॉम्प्युटरवर फडकं पसरत होत्या. मी फडकं ओढलं आणि पडद्याकडे बोट केलं. ओळ बदलली होती : टपाल आलं आहे.

काकूंनी हात पदराला पुसले. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेल्या. मग परत पहिल्यापासून. मी दारात उभी, आनंदानं वेडी झालेली, मोर्चा जिंकल्यासारखी. मला वाटलं, आता त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ ओढलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "वाच. मी सांगते, वाच."

वर नुसतं इंदू. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी होतं : 'त्या दिवशी ओट्यावर तू पोटाचं औषध घेतलंस का ते मी बोंबलून विचारलं. आळी हसली. तू ऐकलं नाहीस पण बघितलंस. त्या दिवसापासून तू ओट्यावर आली नाहीस. यापुढे असलं काही मी हळू विचारीन. घेतलंस का?'

त्या दिवशी ओट्यांवर बसून हसणाऱ्यांत मी होते. हक्कांची पत्रकं लिहिणारी. अण्णांनी विचारलं आणि समोरच्या ओट्यावरून कुणीतरी काकूंच्या वतीनं "घेतलं, घेतलं!" म्हणून ओरडलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी हसले. काकूंनी वळून आमच्या तोंडांकडे बघितलं होतं. मला वाटलं, त्यांना काय कळतंय.

काकूंनी मला बाजूला सारलं आणि एका बोटानं उत्तर टाइप करायला घेतलं. ते मी वाचलं नाही. मी बाहेर गेले.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात, शेजारात, ओळखीत ऐकू न येणारं कुणीतरी आहे. आहेच. त्याच्यावर ओरडणं आजपासून बंद कर. कोणी हसत असेल तर त्याला तिथल्या तिथं गप्प कर, आणि हसणारा तूच असशील तर जाऊन माफी माग. मग कागद घे. वर त्या माणसाचं नुसतं नाव लिही, खाली चारचौघांत ओरडून सांगता येणार नाही अशी एक गोष्ट लिही, घडी घाल, आणि स्वतःच्या हातानं नेऊन दे. आज.