आठव्या खोलीतला माणूस

"पंधरा दिवसांत आपला खेळ घराघरांत जातो की नाही बघ," असं धाकट्यानं बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिनं पडदे काढता काढता विचारलं, "कुणाच्या घराघरांत?"

प्रश्न रास्त होता. हा खेळ चालायचा तो फक्त चाळीस वर्षांपूर्वीच्या होम कॉम्प्युटरवर, म्हणजे ज्याचं सगळं पोट कीबोर्डातच असतं आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही अडवावा लागतो, त्या यंत्रावर. असली यंत्रं जिवापाड जपणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सभासद त्रेसष्ट!

धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांची नजर सुधारायची आणि घरी येऊन स्वतःची बिघडवायची, असा दोन वर्षांचा क्रम. त्यातून हा कोड्यांचा खेळ तयार झाला. तीस खोल्यांचं घर, आणि एक जड ट्रंक ढकलत ढकलत प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर काढायची. मध्ये कपाटं, पलंग, कुंड्या. एक चाल चुकली की ट्रंक कोपऱ्यात अशी रुतते की खोली पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दहा खोल्या फुकट. सुरुवातीलाच पाटी यायची : 'खुशाल कॉपी करा, इतरांना वाटा. आवडला तर मला लिहा, उरलेल्या वीस खोल्या पोस्टानं पाठवीन.' याला शेअरवेअर म्हणतात. म्हणजे वस्तू एकदा हातातून सुटली, की ती कुठं जाईल हे ती आपल्याला विचारत नाही.

आणि घोटाळा आठव्या खोलीत होता. तिथं दाराच्या वाटेवरच आरामखुर्चीत एक भरभक्कम माणूस बसलेला होता, एक पाय स्टुलावर. ट्रंक त्याला टेकली की खाली अक्षरं उमटायची : 'सावकाश. घर काही पळून जात नाही.'

हा माणूस म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. दादा बस डेपोत वेळापत्रकं आखायचा, आता निवृत्त. दीड वर्षापूर्वी गुडघा बदलला तेव्हा तीन महिने तो धाकट्याकडे राहिला होता. आरामखुर्ची नेमकी कॉम्प्युटरच्या टेबलापुढं. टेबलाशी जायचं तर दादाचा पाय ओलांडायला हवा. थोरल्या भावाला 'जरा सरक' म्हणणार कोण? धाकटा तीन महिने गप्प राहिला. दादा घरी गेल्यावर एका बैठकीत त्यानं आठवी खोली लिहून काढली, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की राग तिथल्या तिथं विरला. चित्र मात्र बदलायचं राहून गेलं. मंडळात दादाला कोण ओळखतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं.

पण आपल्या भावाचा खेळ बाहेर पडला हे कळताच दादा असा हरखला, की त्यानं डेपोतल्या एका ड्रायव्हरच्या माळ्यावरून तसलंच यंत्र पैदा केलं, मंडळाच्या चिटणिसांकडून फ्लॉपी आणली, आणि पाटीवर सांगितलं होतं तसं खुशाल वाटप सुरू केलं. जन्मभर बसगाड्या वेळेवर सोडलेला माणूस, त्याच्या चिकाटीला काय तोटा! मंडळाला ठाऊक नसलेली आणखी वीस यंत्रं त्यानं शोधून काढली. त्यातलं एक आत्याच्या घरात होतं.

रोज दुपारी दुकानात दादाचा फोन येऊ लागला. तिसरी खोली सुटली. पाचवी सुटली. सातव्या खोलीत कुंडी आधी की पलंग आधी? सातवी सुटली की पुढं आठवीच. बरोबर उत्तर होतं पलंग. त्यानं कुंडी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ट्रंक डावीकडून घ्यायला सांगितली, तिसऱ्या दिवशी उजवीकडून. या थापा मारण्याच्या नादात त्यानं एका गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या डोळ्याला बसवली. तो बिचारा दुकानाच्या दाराऐवजी काउंटरमधूनच बाहेर पडायला निघाला.

दादा मात्र भावाचा शब्द न् शब्द वहीत लिहून घेत होता, आणि आपल्या वीसही जणांना कळवत होता. आठवड्याभरात चिटणिसांचा फोन आला. सातवी खोली सुटतच नाही अशी पत्रं येताहेत, तेव्हा खेळ तपासून घ्यावा, असं ते जरा घुश्शातच म्हणाले. त्याच संध्याकाळी आत्याचा फोन. तिनं कुणाचंच ऐकलं नव्हतं, त्यामुळे ती आठव्या खोलीत पोचली होती. थोरला अगदी हुबेहूब काढलायस, पायसुद्धा उजवाच, असं सांगून ती हसत सुटली. बाकीच्या भावंडांनाही तिनं कळवून टाकलं होतं. आता सगळ्या घराला माहीत होतं, एकट्या दादाला सोडून.

मग चार दिवस दादाचा फोनच आला नाही. धाकट्यानं घाईघाईनं खुर्चीतल्या माणसाच्या जागी कपाट घातलं, नवी फ्लॉपी खिशात टाकली आणि दादाचं घर गाठलं. बेत असा, की गप्पांत गुंतवून गुपचूप अदलाबदल करायची.

वहिनीनं दार उघडलं. "या भाऊजी. तुमचाच खेळ घेऊन बसलेत."

टीव्हीवर आठवी खोली होती. वही मिटून बाजूला ठेवलेली होती. दादानं मागं न वळता विचारलं, "हा मी ना?"

धाकटा कसाबसा हो म्हणाला. 

"तेव्हा बोलला असतास तर खुर्ची सरकवली असती," दादा म्हणाला. "गुडघा बदलला होता माझा. कान तेच होते."

  खिशातली फ्लॉपी धाकट्याला एकाएकी फार मोठी वाटू लागली. दादानं पुन्हा एकदा ट्रंक त्या माणसाला टेकवली, उमटलेली अक्षरं वाचली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हा हलतो कसा, ते तरी सांग."

खोटं सांगायची सवय आठवड्याभरात अंगवळणी पडली होती. पण आता खोटंही सुचेना.

"तो हलत नाही, दादा," धाकटा म्हणाला. "त्याला वळसा घालून जायचं असतं."

दादानं मान हलवली आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत आणि झाल्यावरही तो हवापाण्याचंच बोलला, आणि भांडला असता तर परवडलं असतं, असं धाकट्याला वाटत राहिलं.

घरी येऊन त्यानं ते कपाट काढून टाकलं आणि आठवी खोली तिसऱ्यांदा लिहिली. आता तो माणूस परत खुर्चीत आहे, पण त्याच्यापुढं जाऊन नुसतं 'जरा सरकता का' म्हटलं, की तो उठतो आणि ट्रंकेला हातही लावतो. ही आवृत्ती त्यानं मंडळाकडं धाडली. पहिली परत मागवण्याची सोय नव्हतीच, ती अजून हातोहात फिरते आहे.

महिन्याभरानं चिटणिसांचं पत्र आलं. बाकी सगळं छान, पण नवी आठवी खोली सभासदांना पसंत नाही. नुसतं सांगितल्यावर माणूस उठतो हे पटत नाही, कोडं फारच सोपं झालं, कृपया जुनीच ठेवावी.

हे पत्र दादाला दाखवावं, असं धाकट्याला फार वाटलं. पण मग उगाच तो विषय निघेल, म्हणून त्यानं ते ड्रॉवरच्या तळाशी सारून दिलं.