वरून गळतं

समोरच्या आप्पांची बेल वाजवली की आतून दोन प्रश्न येतात. पहिला, "कोण?" नाव सांगितलं की दुसरा, "आणखी कोण?" मी म्हणते, "मीच हो आप्पा, एकटीच." मग दार चार बोटं उघडतं आणि आप्पा माझ्याकडं न बघता माझ्या पाठीमागं बघतात.

आमच्या भेस्तानच्या बिल्डिंगीत निम्मी घरं खानदेशातली. आप्पाही तिकडचेच. उभा जन्म कडोदऱ्याच्या कारखान्यात सुताच्या गोदामावर गेला. माल राखता राखता जगावरचा विश्वास उडाला असावा. दूधवाला हसला तर, "यामा काहीतरी शे." ह्यात काहीतरी आहे, म्हणजे. नाही हसला तर, "आज हसला नाही, यामा काहीतरी शे." बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या तेव्हा दोन दिवस फोनच बंद करून ठेवला. म्हणे, "माझी तारीख त्यांना सांगितली कोणी?"

पण खरा राग वरच्या हंसाबेनवर. तिच्या बाथरूममधून पाणी झिरपतं, म्हणून आपल्या मागच्या खोलीत ओल येते आणि सुमनवहिनींचा खोकला हटत नाही, ही त्यांची तक्रार. वहिनी म्हणजे आप्पांच्या मंडळी. वर्षभरापासून अंथरुणावर. कोणी भेटायला गेलं की आप्पा त्यांना खुर्चीत बसवून पुढच्या खोलीत आणतात, मागच्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देत नाहीत.

हंसाबेन बिचारी म्हणायची, "आप्पा, नवी लादी बसवलीय, फोडू कशी? छताला डाग तरी दाखवा."

खुर्चीतून वहिनी हळूच म्हणायच्या, "मलाबी डाग काही दिसत नाही हो."

"तुला काय दिसतं?" आप्पा खेकसायचे. "वरून गळतं म्हणजे गळतं!"

शेवटी सोसायटी म्हणाली, पुरावा आणा. आप्पा जुन्या कारखान्यातून एक पांढरी डबी मागून घेऊन आले. डेटा लॉगर. खोलीत किती उकाडा, किती ओल, ते आपलं आपण टिपून ठेवते आणि फोनवर त्याची रेघ काढून दाखवते. गोदामात सुतासाठी लावतात. आप्पांना चष्म्यातूनही फोनवरचं वाचता येईना, म्हणून जोडणी माझ्या घरी. मी शिकलेली सातवी, पण कागदावर लिहिलेलं वाचून कुकर उघडते तर ही काय चीज!

फोननं पहिल्याच झटक्याला विचारलं, तुम्ही कुठं आहात ते बघू का?

"माझा पत्ता कशाला पाहिजे त्याला? ओल मोज म्हणावं!"

"हो म्हटल्याशिवाय पुढं जात नाही, आप्पा."

"मग हंसाबेनचा द्या."

मग विचारलं, किती वेळानं नोंद करू? मी दहा मिनिटं म्हटलं. आप्पा म्हणाले, "आणि मधल्या वेळात गळलं तर?" ठेवलं बाई दर मिनिटाला. दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरलं. पंख्याजवळ नको, खिडकीजवळ नको, भिंतीला चिकटवू नको, छातीइतक्या उंचीवर टांगा, सगळं वाचून दाखवलं. टांगायला मात्र एकटेच गेले.

मग रोज फोन घेऊन माझ्या दारात. सकाळ झाली की रेघ टेकडी चढल्यासारखी वर, दुपारनंतर खाली. "बघा ताई, बरोब्बर आंघोळीची वेळ!" सोसायटीलाही पटलं. रविवारी कडिया, म्हणजे गवंडी, बोलावून लादी फोडायची ठरली. हंसाबेनच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यात तिला दोन दिवस लग्नाला नवसारीला जायचं होतं. घराला कुलूप लावून, पाण्याचा कॉक बंद करून गेली.

शनिवारी मी रेघ बघितली. हंसाबेन घरात नव्हती त्या सकाळीही रेघ तशीच टेकडी चढलेली.

"आप्पा, वर तर कोणीच नाही."

आप्पांनी बराच वेळ बघितलं. "कुलूप लावून आत कोणीतरी आंघोळ करतंय."

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. मी म्हटलं, डबी नीट टांगलीय का ते तरी बघू द्या, आणि सरळ आत शिरले. वयानं मोठी मी, अडवतात कसे?

खिडक्या बंद. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर ओल्या चादरी. डबी त्यांच्याच मधे लटकलेली. पलंगावर वहिनींना झोप लागली होती.

"गॅलरीत घातल्या तर लोक विचारतील, रोज एवढ्या चादरी कशाच्या," आप्पा कुजबुजले. "सकाळी अंथरूण ओलं झालं की ती रडायची, ताई. कोणाला तोंड दाखवू म्हणायची. मी म्हटलं, तुझं नाही गं. वरून गळतं."

मी समोरची ओली चादर जरा बाजूला सारली.

"उद्या लादी फुटेल," ते म्हणाले, "खाली कोरडं निघेल. मग तिला काय सांगू?"

"आज हंसाबेन आली की वर जा. हे मला सांगितलंत ते तिला सांगा."

"तिला? ती गावभर करेल!"

"करेल नाहीतर नाही करणार. जाऊन तर बघा."

संध्याकाळी हंसाबेन आली. आप्पा दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा चढले. वर काय बोलणं झालं, मला माहीत नाही. उतरले ते उपरण्यानं तोंड पुसत, माझ्याकडं न बघता घरात गेले.

रविवारी कडिया आला नाही, हंसाबेन आली. हातात लग्नातली मिठाई. मी तिथंच बसले होते. वहिनींच्या खुर्चीपुढं उभी राहून म्हणाली, "भाभी, माफ करजो. अमारुं ज पाणी गळतुं हतुं." आमचंच पाणी गळत होतं, म्हणजे. पाइप नीट होईपर्यंत तुमच्या भिजलेल्या चादरी मला द्या, मी वर गच्चीत वाळवीन, असंही म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडं बघितलं. मग आप्पांकडं, जरा जास्तच वेळ. मग हंसाबेनचा हात हातात घेतला.

"असू दे माय," त्या म्हणाल्या. "पाण्याचं काय, कोणाचंबी गळतं."

आप्पांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि मागच्या खोलीची खिडकी उघडायला गेले. एवढे संशयी, पण बायको असं का म्हणाली असेल, ह्याचा संशय त्यांना अजून आलेला नाही.