आधी पाठ बघा

रामवाडीतल्या आमच्या शेजारीण कुंदाताई भाजीवालीकडून अळूची जुडी घेतानाही पान उलटं करून बघतात. अळूच्या पाठीवर काही नसतं हे मग आठवतं आणि तोंड वाकडं करून जुडी पिशवीत टाकतात. "आधी पाठ बघा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस असताना त्यांना नेच्यांचं, म्हणजे फर्नचं, वेड लागलं. आता पडवीभर कुंड्या, विटा, फुटकी कौलं आणि त्यांत नेचेच नेचे. एकट्या राहता का, असं कुणी विचारलं तर रागावतात.

नेच्याला फूल नाही, फळ नाही. सगळा संसार पानाच्या पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांत. त्यातली भुकटी ओलीवर पडली की नवा नेचा. पुस्तकातली नावं ताईंना पाठ आहेत, पण वर्गवारी स्वतःची. ठिपके कडेच्या दुमडीत लपवणारा हंसराज म्हणजे 'काठवाला', झाडांच्या खोडांवर वाढून ठिपक्यांच्या रांगा लावणारं बाशिंग 'ओळवालं' आणि खाडीच्या चिखलात वाढून अख्खी पाठ भुकटीनं माखून घेणारा तो 'पाठभर'. माणसंही याच हिशेबानं. माझी बायको ओळवाली. मी मात्र 'गुंडाळी', म्हणजे अजून न उलगडलेलं कोवळं पान. वय त्रेसष्ट. हे कौतुक आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

हे सगळं आज मी घडाघडा सांगतोय. तेव्हा ताई सांगायच्या आणि मी नुसती मान हलवायचो.

गेल्या श्रावणात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या आठ दिवस पनवेलला भावाकडे गेल्या. पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली आणि एका कुंडीवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्याला जपा हां, नाना." जिते गावी त्यांच्या माहेरच्या विहिरीत वाढलेला तो नेचा. विहीर बुजवली त्या दिवशी त्यांनी तो काढून आणला होता.

रोह्याच्या एका कंपनीत रंगाच्या डब्यांवरचे डाग शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. डाग दिसला की माल बाजूला. तिसऱ्या दिवशी त्या कुंडीत मला डागच डाग दिसले. कीड, दुसरं काय असणार! साबणाचं पाणी केलं, मऊ फडकं घेतलं आणि एकेक पान उलटं करून लख्ख पुसलं. सात पानं झाली. आठवं खाली भिंतीला टेकलेलं होतं, त्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागलं असतं. ते उद्यावर टाकलं आणि विसरलो.

ताई काळा चष्मा लावून आल्या त्या थेट पडवीत. चष्मा काढला. एक पान उलटलं, दुसरं, तिसरं. मग डोळे चोळायला लागल्या.

"नाना, डोळा बिघडला माझा. जाताना ठिपके बोटाला लागत होते, आता दिसत नायत. दोन वर्षांनी पहिल्यांदा आले होते. बघायला मिळावेत म्हणून तर डोळा करून घेतला."

सांगायला लाज वाटते, पण चांगली दोन मिनिटं मी त्या डॉक्टरला दोषी ठरू दिलं. मग त्यांचं रडू बघवेना. साबण, फडकं, सगळं सांगून टाकलं. आता किल्लीही गेली आणि शेजारही, असं वाटलं.

"सगळी पुसलीत?" त्यांनी विचारलं.

"एक राहिलं. वाकायचा कंटाळा केला."

त्या खाली बसल्या, आठवं पान उलटलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हायत," एवढंच म्हणाल्या. माझा आळस आयुष्यात एकदाच कुणाच्या कामी आला.

त्या पानाची भुकटी त्यांनी विटेच्या दोन ओल्या तुकड्यांवर पाडली, एक मला दिला. हिरवं दिसायला महिने लागतील, तोवर रोज चार वाजता वीट आणून दाखवायची, असा हुकूम झाला. मी रोज नेतो. ताई वीट बघतात, "अजून नाय" म्हणतात आणि चहा टाकतात. वीट बघायला आम्हांला तासभर लागतो.

परवा माझ्या विटेवर हिरवा ठिपका दिसला. डाग ओळखण्यात मी चुकत नाही. ताईंनी वीट नव्या डोळ्याशी धरली, ठिपक्याकडे बघत राहिल्या आणि अलगद माझ्या हातात परत ठेवली.

"अजून नाय, नाना. उद्या आणा."

मी मान हलवली. या वेळी मात्र ऐकलं होतं.